एक जूनची माणसं

एलिंग खानेसुमारीवाला आज कुणाच्या घरी पोचला, हे त्या आठवड्यात लिलेदालमध्ये शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. अमेरिकेत येऊन वसलेल्या आम्हा नॉर्वेकरांची ही टाउनशिप चौतीस घरांची, त्यातून सगळं गवताळ माळरान. त्याची घोडी ओढ्यापलीकडे दिसली की अलीकडची बाई चुलीवर कॉफी चढवायची. एका घरी कॉफी घेतली आणि दुसऱ्या घरी नाही म्हटलं तर दुसरी वर्षभर बोलत नाही, म्हणून बिचारा एलिंग सगळीकडे प्यायचा. आता आमच्याकडची कॉफी म्हणजे भाजलेलं जव. दिवसाला पाच घरं झाली की त्याचं पोट नगाऱ्यासारखं वाजायचं.

गुरोचं मात्र त्या आठवड्यात बूड टेकत नव्हतं. दूध घुसळायला बसली की अर्ध्यावर उठायची. घराच्या छपरावर चढून बघायची. छप्पर तरी कसलं, गवतासकट कापलेल्या मातीच्या लाद्या, त्यावर गुडघाभर गवत उगवलेलं. तिथून माळ दोन कोस दिसतो. गुरो बघायची, घोडी कुठवर आली, अजून किती घरं राहिली, आणि खाली उतरून पाळण्याशी जायची. पोर झोपलेली असली तरी उचलायची. सासू म्हणायची, "निजलेलं लेकरू उचलू नये गं. वळचणीला मांजर फिरावं तशी फिरतेस नुसती."

सासूचं नाव बीर्गित. अठ्ठावन्न वर्षांची, ताठ कण्याची, रविवारी सुईतसुद्धा दोरा न ओवणारी बाई. घरात ह्या दोघी आणि ती सहा आठवड्यांची पोर. चौथा माणूस टेकाडावर, पांढऱ्या लाकडी क्रॉसखाली. गुरोचा नवरा, बीर्गितचा एकुलता एक, अमुंड.

तीन जूनला दुपारी अमुंड स्वतः खणत असलेल्या विहिरीत गेला. अठरा हात खोल गेली होती विहीर, ओल लागायला लागली होती, आणि कडेची माती एकदम बसली. पंचक्रोशीतली माणसं फावडी घेऊन धावली. गुरोला महिनाभर अवकाश होता, पण त्या धसक्याने कळा सुरू झाल्या. चार जूनला सकाळी पोर जन्मली तेव्हा बाहेर फावडी चालूच होती. पोराचं रडणं ऐकून फावडी थांबली, असं सांगतात. मग पुन्हा चालू झाली. दुपारी त्याला वर काढलं.

विहीर आता फळ्यांनी झाकलेली आहे. पाणी ओढ्यावरून आणतात. गुरो त्या बाजूने जातच नाही, वळसा घालून जाते.

आता ह्या बाईला खानेसुमारीचं एवढं काय पडलंय, असं कुणीही विचारेल. त्यालाही कारण आहे. गुरो जन्मली जहाजावर. आईबाप नॉर्वेहून निघाले आणि ही वाटेतच, भर समुद्रात आली. तिकडच्या चर्चच्या पुस्तकात हे कुटुंब "गेले" म्हणून लिहिलेलं, त्यात ही नाही. इकडच्या पुस्तकात "आले" म्हणून आईबाप आणि दोन भाऊ, त्यात ही नाही. कप्तानाने पाणी शिंपडून बाप्तिस्मा दिला आणि चिठ्ठी लिहून दिली, ती पेटीत पाणी शिरून लगदा झाली. पंधराव्या वर्षी धर्मदीक्षेसाठी चर्चमध्ये उभी राहिली तर पाद्री सगळ्यांसमोर म्हणाला, "मुली, तू जन्मलीस याला पुरावा काय?" सगळी पोरं फिदीफिदी हसली. पुढे दोन वर्षं तिला पोरं "न जन्मलेली" म्हणून हाक मारायची. अमुंड तेवढा हसला नव्हता. म्हणून तर तिने त्याच्याशी लग्न केलं.

तिच्या पोरीवर ही पाळी येऊ नये, एवढंच तिला हवं होतं. आणि त्याहून एक गोष्ट. अमुंडचं नाव आता नव्याने कुठल्या कागदावर येणार? हा शेवटचा कागद. त्यावर बाप आणि लेक एकाखाली एक लिहिलेले हवेत, मग जग बुडालं तरी चालेल.

त्यात बुधवारी मार्गित आली आणि तिने आगीत तेल ओतलं.

मार्गित म्हणजे एलिंगचीच बायको, आणि आमची सुईणही तीच. तोंड फाटकं, पण हात सोन्यासारखा. आल्या आल्या पाळण्यात डोकावली, पोरीच्या तळपायाला गुदगुल्या केल्या आणि बसली.

"काय सांगू गं गुरो, आमच्या ह्यांच्या अंगात सरकार शिरलंय. बायबलवर हात ठेवून शपथ घेतली ना, तेव्हापासून चालतातसुद्धा सरळ रेषेत. काल शेर्स्तीकडे गेले. तिचं पोर लिहिलंच नाही!"

"का?" गुरो उभीच राहिली.

"बारा जूनचं ना ते. ह्यांच्या पुस्तकात नियम आहे म्हणे. एक जूनला जे घरात होते तेवढेच लिहायचे. पुढचं आलेलं धरायचं नाही, पुढचं गेलेलं वगळायचं नाही. तो ओस्टेन म्हातारा अकरा जूनला गेला, त्याला लिहिला! ‘ओस्टेन, वय एकाहत्तर, शेतकरी.’ शेर्स्ती म्हणाली, भाऊ, माझं पोर इथं बोंबलतंय आणि ओस्टेन मातीत गप्प पडलाय, तुम्हाला ऐकू कुणाचं येतं?"

मार्गित हसायला लागली. मग गुरोचा चेहरा बघितला आणि तिचं हसू विरलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे तिच्या उशिरा ध्यानात आलं.

गुरोने झग्याचा कोपरा मुठीत धरला. एक जून. पोर चारची. म्हणजे तीन दिवसांनी हुकली.

"मार्गितवैनी," ती हळूच म्हणाली, "सुईण तू. तुझ्याशिवाय कोण होतं इथं? तू तीस मे म्हण. तुझं कोण खोटं पाडणार?"

"अगं बाई! त्या दिवशी आमच्या सहा पोरांना कुणी सांभाळलं? ह्यांनी. दूध उतू घालवलं, चूल विझवली, धाकट्याला उलटी चड्डी घातली. चार जून ते मरेपर्यंत विसरायचे नाहीत. आणि खोटं म्हणशील तर आता ऐकूनसुद्धा घेत नाहीत. परवा मला म्हणाले, मार्गित, तुझ्या लापशीत मीठ कमी असतं. लग्नाला अठरा वर्षं झाली, आत्ता सांगतात!"

गुरोला हसू फुटलं. अमुंड तर हे मार्गितला तोंडावर सांगायचा. कुणाच्याही घरी मार्गितची सायीची लापशी आली की पहिला घास घेऊन डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "समुद्र एवढा मोठा, पण वैनींच्या घरापर्यंत पोचला नाही." ते आठवलं आणि हसता हसता गुरोने डोळे पुसले.

मार्गितची नजर दाराशी गेली. तिथे तिची रंगीत लाकडी बादली पडून होती, पाच जूनपासून. आमच्याकडे बाळंतिणीला आंबट सायीची लापशी न्यायची रीत आहे. झाकणाच्या नक्षीदार बादलीत न्यायची. बापाने दारात येऊन ती घ्यायची आणि पहिला चमचा त्याने खायचा, मग बाळंतिणीने. मार्गितने पाच जूनला बादली आणली तेव्हा दारात घ्यायला कुणी नव्हतं. उंबऱ्यावर ठेवून ती आत आली. मग टेकाडावरून परतलेल्या माणसांनी उभ्या उभ्या तीच लापशी खाल्ली. बाळंतपणाची आणि मयताची, दोन्ही तीच झाली.

तेव्हापासून बादली परत गेली नव्हती. रिकामी परत करायची नसते आणि तिच्यात काय घालायचं ते गुरोला सुचलं नव्हतं.

"राहू दे गं," मार्गित म्हणाली, "मला कुठं घाई आहे." आणि उठून गेली.

मार्गितची पाठ वळताच बीर्गित आतून बाहेर आली. सगळं ऐकलं होतं तिने. घर एका खोलीचं, मध्ये गोधडीचा पडदा, न ऐकून जाते कुठे?

"मेलेल्याच्या घरात खोटं शिजवायचं नाही, सांगून ठेवते."

"तुमची नात आहे आई ती."

"माझा तो मुलगा होता. त्याच्या नावाखाली खोटं लिहवून घ्यायचंय तुला? पोर आहे हे देवाला माहीत आहे. वॉशिंग्टनला नाही कळलं तर वॉशिंग्टनचं नशीब."

"तुमचं नाव आहे पुस्तकात! तुमच्या आईचं आहे, आजीचं आहे. तुम्हाला काय कळणार?"

बीर्गितने पाठ फिरवली. बादली उचलून कोनाड्यात ठेवली आणि ओढ्यावर पाण्याला गेली. म्हातारी अशीच. मुलगा विहिरीतून वर आला त्या दिवशीही डोळ्यांतून टिपूस नाही. अंग पुसलं, केस विंचरले, कॉलरचं बटण लावलं. बाया कुजबुजल्या, दगड आहे दगड. गुरोलाही मनातून तेच वाटायचं.

पोरीच्या नावाबद्दलही म्हातारीने हूं की चूं केलं नव्हतं. आमच्यात पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव, ठरलेलं. अमुंड तर आधीपासून गुरोच्या पोटावर टिचकी मारून म्हणायचा, "ए बीर्गित, लाथा मारू नकोस, आईचा स्वभाव आत्तापासूनच नको." म्हातारी लाटणं उगारायची आणि मनातून सुखावायची. पण बाप गेल्यावर जन्मलेल्या पोराला बापाचंच नाव द्यायचं, तीही रीतच, आणि ती पहिल्या रितीच्या वरची. मुलगा असता तर अमुंड, मुलगी म्हणून अमुंडा. कुणी कुणाला विचारलं नाही. पाद्री हिवाळ्याआधी येईल तेव्हा पाणी शिंपडेल, तोवर घरात अमुंडा म्हणूनच हाक सुरू झाली. बीर्गितही तीच हाक मारायची.

शुक्रवारी सकाळी घोडी दारात आली.

एलिंग उतरला, टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. चौतीस घरांत हे एकच घर त्याने शेवटी ठेवलं होतं, जवळ असून. "ऊन काय पडलंय!" म्हणाला. मग "गहू बरा दिसतोय," म्हणाला. मग बोलण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा टेबलाशी बसला, बाहीने टेबल पुसलं आणि पिशवीतून तो मोठा कागद काढला. उघडल्यावर टेबलभर झाला. आडवे-उभे रकाने. गुरोने एवढा मोठा कागद पाहिला नव्हता.

बीर्गितने कॉफी ठेवली. त्याने निमूटपणे घोट घेतला.

"एक जूनला," घसा खाकरून तो म्हणाला, "एक जूनला ह्या घराचा कर्ता कोण होता?"

"अमुंड," बीर्गित म्हणाली.

दौतीत टाक बुडाला. टाकाची करकर ऐकू येत होती. गुरो त्याच्या खांद्यामागे उभी राहून बघत होती. अक्षर सुरेख होतं एलिंगचं.

"वय?"

"सव्वीस."

"धंदा... शेती. जन्म नॉर्वे. वाचता—"

"वाचता यायचं," बीर्गित म्हणाली.

"येतं म्हणा काकू. एक जूनला येत होतं, म्हणजे पुस्तकाच्या हिशोबाने येतं."

म्हातारीने त्याच्याकडे बघितलं. "येतं," ती सावकाश म्हणाली. "अडखळतो थोडा. पण येतं."

"लिहिता?"

"येतं. सही चांगली करतो."

करतो. सहा आठवड्यांत त्या घरात अमुंडबद्दल कुणी असं बोललं नव्हतं. गुरोला वाटलं, आता दार उघडून तो आत येईल, पायाची माती उंबऱ्यावर आपटेल.

"हे विचारावं लागतं बरं का, सगळ्यांना विचारतो," एलिंग म्हणाला. "आंधळा, बहिरा, मुका, वेडा?"

"वेडा," गुरो मागून म्हणाली. "ओल्या मातीत आधार न लावता उतरला. लिहा, वेडा."

एलिंगने तो रकाना कोरा ठेवला.

मग गुरो. वय बावीस, घरकाम. "जन्म कुठला?"

"समुद्रात."

"त्याला रकाना नाही गं."

"मग तिकडे जन्मले लिहा की इकडे, तुमच्या मनाला येईल ते. नाहीतरी मी कुठे आहे!"

एलिंगने दाढी खाजवली. विचार केला. मग टाक बुडवून स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि वाचून दाखवलं, "समुद्रावर. वॉशिंग्टनला आवडो न आवडो. जे खरं ते लिहायचं, तशीच शपथ आहे."

गुरो त्या अक्षरांकडे बघत राहिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा ती कुठेतरी जन्मली होती. त्या क्षणाला एलिंगच्या पाया पडावं असं तिला वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणाला त्याने शाईवर वाळू भुरभुरून तिसरी ओळ घेतली, बीर्गित, अठ्ठावन्न, विधवा, आणि कागद झटकून विचारलं, "झालं?"

"एक राहिलंय," गुरो म्हणाली.

पाळण्यात पोर जागी होती. पाय झाडत होती.

एलिंगने तिकडे बघितलंच नाही. "गुरो, मला माहीत आहे ती कधीची."

"सहा आठवड्यांची आहे. आवाज ऐका तिचा. दूध पिते, ढेकर देते. आणि काय हवं तुमच्या सरकारला?"

"चार जूनचं दूध मी स्वतः उतू घालवलंय गं. मला कसं खोटं बोलता येईल? शेर्स्तीचं वगळलं, आता तुझं लिहिलं तर उद्या ती झाडू घेऊन येईल. मी तरी काय करू? माझं म्हणजे इकडे आड आणि तिकडे..."

म्हणीतला पुढचा शब्द त्याच्या तोंडात आला आणि त्याने गिळला. विहिरीवरच्या फळ्या दारातून सरळ दिसत होत्या. एलिंगचे कान लाल झाले.

"बोला ना," गुरो कडाडली. "का थांबलात? तिकडे विहीर! त्या विहिरीतून काढलेला माणूस तुम्ही शेतकरी म्हणून लिहिलात, वाचता येतं, लिहिता येतं, सगळं लिहिलंत! तो टेकाडावर आहे हो भाऊ! तुम्हीच खांदा दिलात! आणि ही इथं आहे तर हिला जागा नाही? मग त्याला खोडा. एका माणसाची जागा आहे ना, ती हिला द्या!"

"तसं नाही होत गं."

"एक जूनला ती ह्याच घरात होती. माझ्या पोटात होती. लाथा मारत होती!"

"पोटातलं धरत नाहीत."

"कोण धरत नाही? कुणी ठरवलं? पोटात कधी काही होतं का त्याच्या?"

एलिंगचा काय दोष, त्याने थोडाच नियम केला होता? पण समोर तोच होता आणि गुरोच्या जिभेला आवर नव्हता. तिने पोरीला उचललं, येरझाऱ्या घालायला लागली. टेबलापासून दारापर्यंत, दारापासून टेबलापर्यंत. पोर रडायला लागली. एलिंगने टाक पुसला, दौतीला बूच लावायला घेतलं.

"बूच राहू दे," बीर्गित म्हणाली.

म्हातारी इतका वेळ कागदाकडे बघत बसली होती. वाचता येत नव्हतं तिला इंग्रजी, पण पहिली ओळ कुणाची ते माहीत होतं. त्या ओळीवर तिने बोट ठेवलं होतं, शाईला लागू नये असं जरासं वर.

"एलिंग, माझा अमुंड जिवंत आहे असं तू इथं लिहिलंस ना?"

"पुस्तकाच्या नियमाने, काकू. एक जूनला—"

"लिहिलंस ना पण?"

"लिहिलं."

"आणि देवाने तुझा हात मोडला नाही."

एलिंगने आपल्या हाताकडे बघितलं.

म्हातारी उठली. झग्याची चुणी सरळ केली, चर्चमध्ये उभी राहते तशी. "मग ऐक. पोर तीस मेला झाली. ह्या हातांनी झेलली मी. घरातली मोठी मी आहे, मी सांगते."

गुरोच्या येरझाऱ्या थांबल्या. पोरही थांबली, कशी कोण जाणे.

"काकू," एलिंग हळूच म्हणाला, "तुम्ही सांगताय हे?"

"मी सांगतेय. पाद्रीचं आणि देवाचं मी बघून घेईन. तू तुझं बघ."

एलिंगने बाहेर बघितलं. घोडी शेपटीने माश्या वारत होती. शपथेत असं होतं की घरचं जबाबदार माणूस सांगेल ते लिहायचं. बीर्गितहून जबाबदार माणूस लिलेदालमध्ये दुसरं नव्हतं. तिने सांगितलं असतं की बर्फ काळं असतं, तर अर्ध्या गावाने खिडकीतून वाकून बघितलं असतं. त्याने बूच काढून बाजूला ठेवलं.

"वय, एक जूनला महिना पुरा नाही. मुलगी." टाक बुडाला. "नाव?"

"अमुंडा," गुरो पटकन म्हणाली. कधी एकदा ते नाव कागदावर उमटतंय असं झालं होतं.

टाक हलेना.

"लिहा ना!"

"गुरो," एलिंग म्हणाला, आणि ह्या वेळी त्याने तिच्याकडे नीट बघितलं, "बाप जिवंत असताना जन्मलेल्या पोरीचं नाव अमुंडा कोण ठेवील?"

गुरोला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"वरच्या ओळीत बाप आहे, सव्वीस वर्षांचा, धडधाकट. खाली अमुंडा. ह्याची एक नक्कल कोर्टात जाते. तिथला कारकून आपल्यातलाच आहे, एका नजरेत ओळखेल की ही बापामागची पोर. मग माझं जाऊ दे, बीर्गितकाकू खोट्या पडतील. आयुष्यात पहिल्यांदा." त्याने टाक दौतीत ठेवला. "तारीख हवी तर हे नाव नाही. हे नाव हवं तर तारीख नाही. तूच सांग."

बघा आता. सहा आठवडे तेवढी एक हाक तिच्याजवळ होती. रोज शंभर वेळा ती अमुंडा म्हणायची, आणि शंभर वेळा त्यात अमुंड असायचा. त्या नावावर ती जगत होती म्हटलं तरी चालेल. ते द्यायचं? कागदावरच्या ओळीसाठी?

गुरो दारात जाऊन उभी राहिली. बाहेर गहू, ऊन, त्या फळ्या. आज पहिल्यांदाच तिने त्या फळ्यांकडे तोंड फिरवून न घेता बघितलं. तीस मे. तीस, एकतीस, एक, दोन, आणि तीनची दुपार. तीस मेला जन्मली असती तर चार दिवस त्याने तिला बघितलं असतं. तीनला सकाळी विहिरीत उतरण्याआधी मातीच्या हाताने गालाला हात लावला असता, आणि म्हातारी ओरडली असती. चार दिवस बाप होता असता. नाव तर काय, अमुंडने केव्हाच ठेवलं होतं, टिचकी मारून मारून.

ती वळली.

"बीर्गित," ती म्हणाली.

"काय गं?" म्हातारीला वाटलं आपल्यालाच काही सांगते. नावाने हाक मारली म्हणून जरा चमकलीही.

"तुम्हाला नाही, आई. एलिंगभाऊ, नाव लिहा. बीर्गित. त्याच्या आईचं." गुरोचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "आणि कुणी विचारलं तर सांगा, अमुंडनेच ठेवलं. पोरीला हातात घेऊन, नाक बघून म्हणाला, ही तर माझी आईच."

टाक करकरला. एलिंग खाली मान घालून लिहीत होता, त्या एका नावाला त्याला फार वेळ लागला.

आणि बीर्गित? ज्या बाईने मुलाच्या कॉलरचं बटण लावताना डोळा ओला केला नव्हता, ती टेबलाला धरून खाली बसली, आणि जे रडायला लागली ते आवाज करून, लहान पोरासारखी, नाक गळेपर्यंत. गुरो धावली. एका हातात पोर, दुसरा हात म्हातारीच्या पाठीवर. पोरही रडायला लागली. दगड म्हणे! आम्हा बायांच्या जिभेला हाड असतं तर बरं झालं असतं.

एलिंगने वाळू टाकली, फुंकली, कागद गुरोच्या पुढे धरला. अमुंड, गुरो, बीर्गित, बीर्गित. चार ओळी. गुरोने बोटाने मोजल्या, पहिलीपासून चौथीपर्यंत, आणि पुन्हा मोजल्या.

निघताना तो दारात घुटमळला. कोनाड्यातली रंगीत बादली त्याला दिसली. ती त्याने उचलली. आत काहीच नव्हतं, गुरो ओशाळून काही बोलणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "ही नेतो. कुणी विचारलं कशी काय राहिली इतके दिवस, तर सांगतो, मार्गितने मेच्या शेवटाला दिली होती." त्याने टोपी घातली. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस, कानापर्यंत लाल झाला होता. "अमुंडनेच दारात घेतली होती ना गं ही?"

गुरोने म्हातारीकडे बघितलं.

"हो," ती म्हणाली. "पहिला चमचाही त्यानेच खाल्ला."

"आणि," बीर्गित नाक पुसत आतून म्हणाली, "मीठ कमी आहे म्हणाला."